बिनकडीच्या आक्का

मी एकदा माझ्या थोरल्या जावेला स्वयंपाकघरात कोंडून शेजारी शेवया करायला निघून गेले होते. मुद्दाम नव्हे. मुद्दाम करायला अक्कल लागते, आणि माझी तेव्हा नांदूरघाटला, माहेरीच राहिली होती.

आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. आक्कांनी, म्हणजे या थोरल्या जाऊबाईंनी, सगळ्या उपटून काढल्यात, न्हाणीघराचीसुद्धा. आतल्या माणसानं आवाज देत राहायचं, हा नियम. "जीभ कशाला दिलीय देवानं? आत हाय म्हनून सांगाया!" माझे पुण्याचे जावई आरती म्हणत आंघोळ करतात आणि आक्का बाहेरून ओरडतात, "जावईबापू, दुसरं कडवं इसरलाव!" दिवाळीनंतर गावातली माणसं ऊसतोडीला गेली की त्यांची मागं राहिलेली लेकरंही आमच्याच ओसरीवर असतात. तीही न्हाणीत गेली की खोकतात.

नवी नवरी असताना मला हा निव्वळ अडाणीपणा वाटे. मी दहावी पास होते. गणिताला दोनदा बसले, पण पास! मांजरीनं दूध उष्टं केलं, तशी मी केजच्या बाजारातून कडी आणली. सगळी शेतात गेलेली पाहून वरवंट्यानं ठोकून दाराला बाहेरून बसवली. दोन खिळे वाकले, एक अंगठा सुजला. अंगठा चोखत चुलीपाशी पाणी प्याले, बाहेर आले, कडी सरकवली आणि ऐटीत निघाले. मधे मी वाकलेले खिळे उकिरड्यावर टाकायला गेले, तेवढ्यात आक्का शेतातून परतून आत शिरल्या होत्या आणि धान्याच्या कणगीआड वाकून पिठाचा डबा काढत होत्या. दिसल्या असत्या, पण त्यासाठी मान वळवावी लागली असती, आणि मान तेव्हा फार ताठ होती.

दिवस कलल्यावर येऊन कडी काढली. चूल पेटलेली, आक्का घामानं थबथबलेल्या, आणि पाटीत भाकरींची ही चळत! खाणारी माणसं सात.

"आक्का, पाव्हणे येनार हायत का?" मी विचारलं. मूर्खपणा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही.

त्या पुढची भाकरी थापतच राहिल्या आणि माझी नजर दाराच्या कडीवर गेली, तेव्हा कुठं उजेड पडला.

"आवो, हाक तरी मारायची!"

"हाक मारून कोन येतंय? सगळी फडात."

फड? आमच्याकडं कुठला उसाचा फड? मग आक्कांनी हळूहळू सांगितलं. त्यांचे आई-बाप ऊस तोडायला जाताना पाचटाच्या कोपीचं, म्हणजे राहत्या झोपडीचं, दार बाहेरून तारेनं बांधायचे. लेकरं बैलगाड्यांखाली जाऊ नयेत म्हणून. आत सहा वर्षांच्या आक्का आणि रांगता भाऊ. तो रडायला लागला की त्या मातीच्या भाकरी थापायच्या. "शंभर झाल्या की माय येती," असं त्याला सांगायच्या. शंभर व्हायला आल्या की गुपचूप मोडायच्या आणि परत पहिलीपासून.

मी तिथंच फतकल मारून भोकाड पसरलं. आक्कांनी तव्यावरची भाकरी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रडू नगंस. येकोनचाळिसाव्या भाकरीलाच आलीस की तू. माय शंभराच्या आत कवाच आली न्हाई."