तात्यांना न दिसलेला राजा

पत्ते खेळताना शिट्टी वाजवणारा माणूस मी आमच्या उत्रोलीतच पाहिला. सोपानतात्या एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, गाडी मागं घेताना वाजवायची शिट्टी खिशात राहिली. रोज दुपारी स्टॉपच्या शेडमध्ये मेंढीकोटाचा डाव बसायचा. कुणी गैर केलं की तात्या शिट्टी फुंकून म्हणायचे, "उतरा खाली!" मग ओट्यावरून खरोखर उतरावं लागे. दोन डाव.

तात्यांचा मुख्य राग इशाऱ्यांवर. "पत्त्यात इस्वास घरी ठिवून यायचा," असं ते म्हणत. खोकायचं असेल तर पानं वाटायच्या आधी खोकून घ्यायचं. एकदा त्यांचेच भिडू शिवाअण्णा भर डावात शिंकले. शिट्टी!

"आवो तात्या, शिंक हाय ती!"

"शिंकला म्हंजी हुकूम बदाम. मला शिकवतोस व्हय? उतर."

भिडूच उतरल्यामुळं डाव तात्या हरले. त्याचं त्यांना काही नव्हतं.

माझे वडील, दादा, समोरच्या जोडीत असत. गेल्या वर्षी त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट. पत्ते तेवढे राहिले होते. म्हणून मी त्यांना रोज तिथं नेऊन मागं पुस्तक घेऊन बसायचो. पुस्तक पुढं सरकत नसे.

एका दुपारी बदामाची उतारी झाली. ज्या रंगाची उतारी, त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं, हा पहिला नियम. दादांच्या हातातला बदामाचा राजा मला मागून दिसत होता. त्यांनी हुकूम मारला आणि जिच्यावर डाव ठरतो ती दश्शी उचलली. दोन हातांनंतर तोच राजा शांतपणे खाली टाकला.

इथून उतरवलं तर दादांना जायला दुसरी जागा नव्हती.

"चोरी! तात्या, बगितलं न्हवं?" अण्णा ओरडले.

तात्या स्वतःच्या पानांकडं बघत होते. "मला काय दिसलं न्हाई."

"आरं, राजा म्होरं पडलाय!"

"मोतीबिंदू हाय मला. खेळ."

मी गोंधळलो. शिंकेतला हुकूम ओळखणाऱ्याला राजा दिसू नये? पुढं कित्येक महिने हेच. दादा वाटेल ते टाकायचे, जिंकायचे, हसायचे. दुसऱ्या कुणाची भुवई हलली तरी मात्र शिट्टी. नियम मोडला की राहिला, मला ठरवता येईना.

दादांना जाऊन महिना झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. तात्यांना विचारलं, "दादांचं खेळणं नियमात बसत होतं का हो?"

ते पत्ते पिसत होते.

"न्हाई बसत," म्हणाले. मग टॉवेलनं ओट्यावरची धूळ झटकली. "तू बस."

"मला खेळता येत नाही, तात्या."

"तुझ्या बाला बी शेवटी येत न्हवतं," ते म्हणाले, आणि पानं वाटू लागले.