चाळीस डोक्यांचा रविवार

पहिल्या भेटीत अनसूयाबाईंनी माझं नाव विचारलं नाही. माझं डोकं हुंगलं.

मी नुकतीच बसमधून उतरले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. गोंडपिपरीकडच्या त्या जंगलातल्या गावात मुलींची शाळा होती, वसतिगृह होतं, आणि त्या शाळेत मला पहिली नोकरी लागली होती. अनसूयाबाई वसतिगृहाच्या रेक्टर. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र पार नाल्यापलीकडं ऐकू जाणारा. त्या जवळ आल्या, माझ्या भांगाशी नाक नेलं आणि मागं सरकल्या.

"शांपू लावते का तू?"

मी हो म्हटलं. शांपूच्या पुड्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या आणि चिमूरहून निघताना मी त्यांची अख्खी माळच विकत घेतली होती.

"फुलाचा वास येते," त्या म्हणाल्या, "पन फूल कुठी हाय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पुड्या त्यांनी मागून घेतल्या. आठवड्यानं पाहते तर वसतिगृहातल्या सगळ्या फण्या फेसात बुडवून ठेवलेल्या. फण्या धुवायला शांपूसारखी चीज नाही, एवढं मात्र त्यांनी मोकळ्या मनानं कबूल केलं.

त्यांची खोली माझ्या खोलीला लागूनच होती. खोलीत एक खाट आणि बाकी सगळे डबे. रिठे, शिकेकाई, जास्वंदाची वाळलेली पानं, नाल्याकाठची काळी माती, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. पाहुणा आला तर बसवायचा कुठं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पाहुणा कधी आलाच नाही.

"केस म्हंजे वावर हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "माती जशी ठेवशीन तसं पीक येईन." हे त्या कुणालाही ऐकवत. बसच्या कंडक्टरची टोपी काढायला लावून त्यांनी त्याच्या कोंड्यावर सगळ्या बससमोर उपाय सांगितला होता. आमच्या हेडमास्तरांना टक्कल होतं, फक्त कानांच्या वर थोडी झालर शिल्लक. त्यांनाही सुटका नव्हती. बाई कळवळून म्हणाल्या, "वावर तं पडीत पडलं सर, पन धुरे तं सांभाळा."

हेडमास्तर त्या दिवसापासून आपल्या धुऱ्यांना, म्हणजे बांधांवरच्या त्या झालरीला, तेल लावू लागले.

रविवार हा बाईंचा खरा दिवस. शनिवारी संध्याकाळीच रिठे आणि शिकेकाई भिजत पडायची. सकाळी चुलीवर मोठ्या गंजात उकळी फुटायची आणि चाळीस मुली बोरिंगपासून व्हरांड्यापर्यंत रांगेत बसायच्या. प्रत्येक डोकं बाई स्वतः चोळायच्या, शेवटच्या मुलीचं होईपर्यंत कंबर सरळ करायच्या नाहीत. रिठा डोळ्यांत गेला की आग होते, म्हणून डोळे मिटून पाढे म्हणायचे असा नियम होता. सोळाचा पाढा संपला की पाणी. तालुक्याला पाढ्यांच्या स्पर्धेत आमच्या मुली पहिल्या आल्या, तेव्हा हेडमास्तरांनी भाषणात शिकवण्याच्या पद्धतीचे आभार मानले. बाई मागं बसून गालात हसत होत्या.

त्या साली दिवाळीच्या सुट्टीहून मुली परत आल्या त्या डोकी खाजवतच. नेमके त्याच आठवड्यात एक साहेब पाहणीला आले. तिसरीतल्या मुलीच्या डोक्यातून एक ऊ सरळ तिच्या पाटीवर उतरली आणि साहेबांनी ती पाहिली. त्यांनी लगेच ठरवून टाकलं. सोमवारी न्हावी घेऊन येतो, सगळ्या मुलींचे केस मुळापासून कापायचे.

मोठ्या मुलींपैकी एक रडायला लागली. हेडमास्तर मान हलवून हो म्हणत होते, कारण साहेबांना दुसरं काही म्हणायची त्यांना सवय नव्हती. बाईच पुढं झाल्या.

"न्हाव्याले आना, सायेब. पन आधी डोस्के पाहा. एक जरी ऊ सापडली, तं पयले माहे केस कापा."

साहेब बरं म्हणाले. त्यांना वाटलं, बाई रागाच्या भरात बोलली.

मग दोन दिवस आम्ही दुसरं काहीच केलं नाही. करंजाचं तेल कोमट करून डोकी माखली, फडकी बांधली, उशांच्या खोळी उकळल्या. रविवारी रिठ्याचं पाणी दोनदा चढवलं. हेडमास्तर स्वतः बोरिंग हापसत होते. बाई एकेक बट उन्हाकडं धरून बारीक फणीनं विंचरत होत्या आणि लिखा नखावर मारत होत्या. संध्याकाळी त्यांनी चाळीसही डोकी पुन्हा पाहिली. एकही ऊ नव्हती.

सोमवारी साहेब आले, सोबत गावातलाच एक म्हातारा न्हावी. एकोणचाळीस डोकी साफ निघाली. चाळिसावी सोमी, पहिलीतली. ती पहाटे कुणालाही न सांगता आपल्या लहान बहिणीला भेटायला नाल्यापलीकडच्या घरी जाऊन आली होती, एका चटईवर तिच्याशी डोकं लावून झोपली होती. साहेबांनी तिच्या कानामागं पाहिलं आणि बोट दाखवलं.

बाई व्हरांड्याच्या पायरीवर न्हाव्याकडं पाठ करून बसल्या, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि अंबाडा सोडला.

एका भिंतीच्या अंतरावर मी पाच महिने राहत होते, पण त्यांचे केस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कपाळावर नीट विंचरलेले, तेल लावलेले. मागं मात्र मानेपासून वर सगळा एकच गुंता. जटाच झाल्या होत्या. कितीतरी महिने तिथं फणी पोचली नव्हती.

मुलींनी ते पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. न्हाव्यानं कात्री काढली, जरा वेळ हातात धरली आणि परत पेटीत ठेवली.

"हे माह्यानं होत नाई, सायेब," तो म्हणाला.

साहेब घड्याळाकडं पाहत म्हणाले की एका उवेसाठी एवढं करायची गरज नाही, आणि चहा न घेताच निघून गेले. मुलींचे केस वाचले. सोमीचं डोकं बाईंनी त्याच दिवशी पुन्हा धुतलं, तिला एका शब्दानं न रागावता.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. खाटेच्या कडेला टेकले. त्याच म्हणाल्या, "हात मांगं नाई जात पोरी. खांदा धरला हाय. दोन वर्सं झाले."

मग सांगितलं का नाही कुणाला, मी विचारलं.

"कोनाले सांगू? मायनं धुऊन देल्ले होते, लगनाआधी. मंग लगन झालं, चार महिन्यात तो गेला, मी इथी आली. तवापासून माह्या डोस्क्याले दुसऱ्याचा हात नाई लागला."

पुढच्या रविवारी चाळीस डोकी झाल्यावर मी त्यांना बोरिंगपाशी बसवलं. गंजात थोडं पाणी मी आधीच लपवून ठेवलं होतं. त्या सुरुवातीला सारख्या सूचना देत होत्या. हळू चोळ, मुळाशी चोळ, नखं लावू नको. टोरीचं तेल लावून मी गुंता बोटांनी सोडवत गेले. मुली भोवती जमल्या होत्या, प्रत्येकीला एक बट हवी होती. हळूहळू बाईंच्या सूचना बंद झाल्या. खांदे सैल पडले, डोळे मिटले.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "झालं का?"

गुंता केव्हाच सुटला होता. केस कमरेपर्यंत मोकळे, सरळ, वाळूनसुद्धा गेले होते. सोमी काही सांगायला तोंड उघडणार होती, मी तिला डोळ्यानंच थांबवलं.

"नाई बाई," मी म्हटलं, "अजून थोडं हाय." आणि फणी पुन्हा मुळाशी लावली.