जावयाची पहिली शिकार

"वर्न, सोडतीत नंबर लागला! हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला मला!"

शिकागोहून जावयाचा फोन आला, तेव्हा वर्न स्कोगन नुकताच बूट काढून खुर्चीत पडला होता. दिवसभर शाळेच्या बसखाली उताणा पडून दुरुस्ती करताना त्याची पाठ लाकडासारखी झाली होती.

"ट्राउट धरायचा परवानाही त्यातच आहे," प्रेस्टनचा उत्साह फोनमधून सांडत होता. "ऑक्टोबरात येतो. सकाळी नदीत मासे, संध्याकाळी डोंगरात हरण. पहिलीच खेप आहे माझी. तुम्ही शिकवाल ना?"

"हं," वर्न म्हणाला.

वर्नच्या आयुष्यातली निम्मी संकटं या 'हं'मधून आली होती. मुलीच्या लग्नात, दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असताना, हॉलच्या भिंतीवरच्या हरणाच्या शिंगाळ्या मुंडक्याकडे बोट दाखवून जावयाने विचारलं होतं, "हे तुम्ही मारलंत?" नाही म्हणावं तर मग कोणी मारलं, कधी मारलं, हे सगळं आलं. 'हं' म्हटलं की विषय संपतो, असा वर्नचा हिशेब होता. तो चुकला. जन्म मोंटानात, घर डोंगराच्या पायथ्याशी. पण वर्नने उभ्या जन्मात हरणावर बंदूक रोखली नव्हती, की पिसांची नकली माशी लावलेला गळ हातात धरला नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो झोपायचा.

आता दर रविवारी फोन येऊ लागले.

"माशी कुठली बांधायची, वर्न?"

"काळी."

"कितव्या नंबरची?"

"ते पाण्यावर असतं," वर्न म्हणाला. जावयाने हे वाक्य बहुधा लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी, "हरीण खाली कसं आणायचं? फार जड असतं म्हणे."

"खेचरावर," वर्नच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याकडे खेचर आहे?"

"हं."

म्हणजे आता खेचर आणणं आलं. शेजारच्या गस लिंडविगकडे खेचर होतं. रायफल होती, गळाची काठी होती, पाण्यात उतरायला छातीपर्यंत येणारी रबरी विजारही होती. गसने सगळं उसनं दिलं. खेचर तर फारच खुशीत दिलं. त्याचं कारण वर्नला दुसऱ्या दिवशी कळलं. खेचराने वर्नच्या बायकोचे, आर्लिसचे, कोबी खाल्ले, कपडे वाळत घालायची दोरी खाल्ली आणि वर्नला गॅरेजच्या दारात बराच वेळ अडवून धरलं.

आर्लिस खिडकीतून सगळं बघत होती. "वर्न, तू नक्की काय करतोयस?"

"तयारी."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेले कोबी काढून घरात घेऊन गेली.

ऑक्टोबरात प्रेस्टन आला. डोक्यापासून पायापर्यंत नवा कोरा. विजारीला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. चहा होतो न होतो तोच तो काठी घेऊन अंगणात उभा राहिला. "एकदा फेकून दाखवा ना, वर्न. मी नुसता बघतो."

पोरगा इतक्या विश्वासाने बघत होता, की खरं बोलायला वर्नची जीभ रेटेना. आईबाप लवकर गेलेलं पोर. या चार दिवसांसाठी त्याने वर्षभराची रजा साठवली होती, असं मुलगी म्हणाली होती. वर्नने काठी उचलली, गसने दाखवलं होतं तशी मागे नेली आणि जोरात पुढे झटकली. गळाची दोरी पुढे आलीच नाही. मागे कुठेतरी अडकली. वर्नने हिसका दिला.

पाठीमागून खेचराची किंकाळी आली.

माशी खेचराच्या ढुंगणात रुतली होती. खेचर उधळलं, दोरी सर्रकन सुटली आणि वर्न काठीसकट कुंपणाच्या दिशेने निघाला.

"केवढा मोठा लागलाय!" प्रेस्टन उत्साहात ओरडला आणि मग त्याच्या लक्षात आलं. "सोडा, वर्न! सोडून द्या!"

वर्नला सोडायचंच होतं, पण दोरी मनगटाला गुंडाळली गेली होती. खेचराने जावयाने गाडीतून काढून ठेवलेला नवा तंबू तुडवला, त्याच्या भाड्याच्या गाडीच्या दाराला लाथ घातली आणि वर्नला मातीत लोळवून थांबलं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आर्लिस पक्कड घेऊन शांतपणे आली. खेचराच्या कानात काहीतरी पुटपुटली, एका झटक्यात गळ काढला. मग काठी उचलली, दोरी सोडवली आणि मनगट नुसतं हलवलं. दोरी हवेत लांबच लांब उलगडत गेली आणि अंगणापलीकडच्या बादलीत माशी अलगद उतरली.

दोघे पुरुष बघत राहिले.

"आर्लिस," मातीत बसल्या बसल्या वर्न म्हणाला, "हे कुठे शिकलीस?"

"वडिलांबरोबर. लग्नाआधी दरवर्षी जायचे वर. हरणालाही."

"मला कधी बोलली नाहीस!"

"केव्हा बोलणार? सुट्टीच्या दिवशी तू झोपलेला. दमलेल्या माणसाला उठवून काय सांगायचं?"

वर्नने जावयाकडे बघितलं. "प्रेस्टन, ते मुंडकं मी मारलेलं नाही. मी काहीच मारलेलं नाही."

प्रेस्टनने गाडीचं चेमटलेलं दार ओढून बघितलं. "मग खेचर?"

"गसचं."

पोरगा आधी फुसफुसला, मग पोट धरून हसायला लागला, आणि त्याने हात देऊन सासऱ्याला उठवलं. आर्लिस मात्र हसली नाही. ती गावात स्वतःचा परवाना काढायला निघाली होती; सोडत फक्त बाहेरच्यांना होती.

दुसऱ्या दिवशी तिघेही वर डोंगरात गेले. आर्लिसने जावयाला गुडघाभर पाण्यात उभं करून दुपारपर्यंत दोन ट्राउट धरायला लावले. वर्नचं अंग ठणकत होतं. तो पिवळ्या गवतात उन्हाला आडवा झाला तो गाढ झोपला.

जाग आली तेव्हा सूर्य कड्यामागे गेला होता. प्रेस्टन शेजारी बसला होता, चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"मोठं शिंगाळं हरीण आलं होतं, वर्न. तुमच्यापासून बरंच बाजूला, उघड्यावर उभं. नेम अगदी मोकळा होता. आर्लिसनी रायफल खांद्याला लावली, आणि खाली घेतली."

वर्न उठून बसला. "का गं? का नाही मारलंस?"

आर्लिस मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"आवाजाने उठला असतास," ती म्हणाली.