जर कुत्रा बाहेर असेल, तर

भामरे सरांच्या फाटकावर एक पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर निळी, वळणदार अक्षरं: 'जर कुत्रा बाहेर असेल, तर सावध राहा.'

कुत्रा नाही. कधी नव्हता. सरांना कुत्र्यांची भीती वाटते. कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं दिसलं तरी ते लांबचा रस्ता धरतात. मी या कॉलनीत राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "सर, कुत्रा नाही तर पाटी कशाला?"

"कुत्रा आहे असं मी कुठं म्हटलंय ताई? नीट वाचा. मी फक्त अट घातलीय."

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन जळगावात आले आणि इथलीच झाले, पण अशा उत्तराची सवय नव्हती. मी म्हटलं बरं, आणि घरी येऊन भाजी टाकली.

सरांनी धुळ्याच्या एका शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवलं. इंग्रजी म्हणजे सगळं नाही. नाम, सर्वनाम, काळ वगैरे ते उरकून टाकायचे. त्यांचा जीव होता ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये, म्हणजे क्रियाविशेषण उपवाक्यात. एखादी गोष्ट घडली एवढं सांगून भागत नाही. ती कधी घडली, कुठे, का, कशासाठी आणि कोणत्या अटीवर, हे सांगणारा जो वाक्याचा तुकडा असतो, तो. व्हेन, बिकॉज, इफ, अनलेस आणि 'जरी'वालं दो, ही सरांची नातेवाईक मंडळी. सहामाही परीक्षा आली तरी वर्ग उपवाक्यातून बाहेर निघालेला नसायचा, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. त्यातला एक चाळीसगावला किराणा दुकान चालवतो. तो म्हणाला, "मॅडम, माझं बाकीचं इंग्रजी सगळं गेलं. पण 'दो' आलं की 'बट' लावायचं नाही, हे झोपेतसुद्धा सांगेन."

साधं विधान सरांना सहन होत नाही. मेथीवाला गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, "ताजी शे, सर."

"कधीपर्यंत? आणि जर आत्ता घेतली नाही, तर संध्याकाळी काय होईल?"

"वाळी जाई, सर. दुसरं काय होई?"

"हं. आता वाक्य पूर्ण झालं." आणि मग ते एक जुडी घेतात.

एका लग्नात त्यांना स्टेजवर आशीर्वाद द्यायला बोलावलं. सर म्हणाले, "जर दोघांनी एकमेकांना समजून घेतलं, आणि जोपर्यंत घेत राहिले, तोपर्यंत सुखी राहाल." मुलीच्या आईने माइकच काढून घेतला. सर खाली येऊन माझ्याशेजारी बसले. "मी काय चुकीचं बोललो?" चुकीचं काहीच नव्हतं. पण लग्नात असं कोणी बोलत नाही.

त्यांचं हे बोलणं सांभाळून घेणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. मंदाकाकू. माहेर पिंपळनेरचं, बोलणं ठसठशीत अहिराणी, आणि अट वगैरे भानगड नाही. सर म्हणायचे, "जर फार ऊन नसेल, आणि जर रिक्षा मिळाली, तर..." एवढ्यात काकू चपला घालून फाटकाबाहेर. "चाला आते!" मग सर मागून निघायचे. मी दोन-तीन वर्षं हेच पाहिलं. सरांनी अर्धं बोलायचं, उरलेलं काकूंनी करून टाकायचं.

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं उलटून गेली. साखर वाढली, मग किडनीचं निघालं, मग संपलं. दहाव्याला माणसं आली, तेराव्याला जेवून गेली. मुलगा बंगळुरूला असतो. तो महिनाभर राहिला आणि परत गेला. सरांनी फाटकाला तेल घातलं, पाटी पुसली आणि पुन्हा ओट्यावर बसायला लागले. मी त्यांना रडताना पाहिलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडे वेळ नसतो.

माझा केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन मोठ्या कढया, चार बायका आणि एक पॅकिंगचं मशीन. कच्ची केळी रावेरकडून येतात. दुबईच्या एका व्यापाऱ्याने माल मागवला आणि इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली, तेव्हा मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, मला शेक्सपियर नको. काम भागेल एवढं शिकवा."

सरांनी मला थेट उपवाक्यात नेऊन सोडलं.

मी लिहिलं होतं: इफ द ट्रक विल कम. सरांनी चष्मा काढला. "ताई, इफच्या घरात विलला प्रवेश नाही. इफ द ट्रक कम्स."

"सर, ट्रक आलाच नाही तर कम्स काय आणि विल कम काय?"

"तेच तर. तो येईल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणूनच इफ."

मग अनलेस. मी तिथे एक नॉट घातला होता. "अनलेसच्या पोटात एक 'नाही' आधीच आहे. वरून दुसरा कोंबू नका, अपचन होईल." इफचा तुकडा आधी आला तर पुढे स्वल्पविराम, नंतर आला तर नको. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की मी आता मराठीत किराण्याची यादी करतानाही थांबते.

पण एक सांगते. त्या वर्षी रावेरचा ट्रक खरंच आला नाही. दुबईवाला तापला. मी त्याला माझाच मेल परत पाठवला: इफ द ट्रक कम्स. तो गप्प झाला. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वेफर्सचं अख्खं पाकीट एका बैठकीत संपवलं.

शिकवणी तिथेच संपायला हवी होती. सर म्हणाले, "अजून तुलनेचं उपवाक्य राहिलं." ते झालं, तर रीतीचं राहिलं होतं. मी जात राहिले. मला वाटलं, धडाच लांब आहे.

आता भरिताकडे येते. थंडी पडली की आमची कॉलनी एखाद्याच्या शेतात भरीत पार्टी करते. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, कांद्याची पात, शेंगदाणे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. ताट आणि पेला ज्याने त्याने घरून आणायचा. ही गावाकडची रीत कॉलनीने अजून सोडलेली नाही. शेतात कचरा नको आणि भांडी घासायची भांडणं नकोत.

सगळा कारभार ओसवालभाऊंकडे. त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि स्वतः कांदाही खात नाहीत, पण मापात पक्के. ग्रुपवर त्यांनी टाकलं: येणाऱ्यांनी 'हो' लिहा. सगळ्यांनी हो लिहिलं. सरांनी लिहिलं: 'जर थंडी फार नसली, जर गुडघा दुखला नाही आणि जर माझ्यामुळे कोणाची अडचण होणार नसेल, तर...' पुढे तीन टिंबं.

ओसवालभाऊंनी मला फोन केला. "भाभी, सरांचं हो पण नाही, ना पण नाही. वांगी कशी धरू?"

"मागच्या वर्षी काय केलं होतं?"

"हेच लिहिलं होतं त्यांनी. मी नाही धरलं. आले पण नाहीत. बरोबर निघालं माझं."

"मग तेच धरा," मी म्हटलं. जर-तरवर स्वयंपाक होत नाही.

शेतात पोचलो. जाळ पेटला, वांगी काळी पडायला लागली, आणि लक्षात आलं की तेलाचा डबा माझ्याच ओट्यावर राहिला. मी गाडी घेऊन परत आले. डबा उचलला, वळले, तर रस्त्यापलीकडे आपल्या ओट्यावर भामरे सर बसलेले.

इस्त्रीचा पांढरा सदरा. वर काकूंनी विणलेलं तपकिरी स्वेटर. केसांना तेल, पायात मोजे, बूट. मांडीवर कापडी पिशवी. फाटकाची कडी काढून ठेवलेली. मी डबा घेऊन तशीच आत गेले.

"सर, कुठं निघालात?"

"कुठं नाही."

"मग पिशवीत काय?"

त्यांनी पिशवीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणीतरी ठेवून दिली होती.

"ताट आहे," ते म्हणाले. मग पिशवी चाचपून, "पेला आहे."

मी तेलाचा डबा खाली ठेवला. "यायचं होतं तर आला का नाहीत? सगळे इथूनच निघालो सकाळी. तुमच्या फाटकासमोरूनच."

"पाहिलं मी. ओसवालभाऊंनी हातसुद्धा केला."

"मग?"

"मी कळवलं होतं ना."

"सर, तुम्ही तीन अटी कळवल्या होत्या. त्याला लोक नाही समजतात."

"हो का?" ते खरंच चकित झाले. "मी तर नेहमी असंच म्हणतो. मी असं म्हटलं की ती म्हणायची..." आणि हा माणूस, ज्याच्या तोंडून मी कधी अहिराणीचा शब्द ऐकला नव्हता, तो थेट काकूंच्या सुरात म्हणाला, "चाला आते, ऊठा. बठ्ठा तुमनी वाट दखी ऱ्हायनात." मग पिशवीचे बंद सारखे करत म्हणाले, "सगळे वाट बघतायत, असं तिनं म्हटलं की मी उठायचो. आपणहून उठायची सवय नाही मला."

"मागच्या वर्षी पण असंच?"

"मागच्या वर्षी स्वेटर धुवायला टाकलेलं होतं," सर म्हणाले. "शाल घेतली होती."

मला अहिराणी बोलता येत नाही, आणि काकूंसारखं बोलायला मी काही काकू नाही. मी म्हटलं, "सर, गाडी चालू आहे. डिझेल जळतंय, तिकडे वांगी जळतायत. बसा."

"जर तुम्हाला अडचण..."

"बसा."

ते उठले. बाहेर पडताना त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि पाटी डोळ्यांसमोर आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता ही तरी काढा. कुत्रा नाही, काही नाही."

सर गाडीत बसले. केळीच्या बागा लागल्या, त्या ते खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "ती पाटी वाचून माणूस फाटकाशी थांबतो ताई. कुरिअरवाला, गॅसवाला, पत्ता शोधणारा. आत येण्याआधी हाक मारतो. विचारतो, कुत्रा आहे का? मग मी बाहेर येतो."

मी गिअर बदलला.

शेतात ओसवालभाऊंनी सरांना पाहून वांग्यांकडे पाहिलं, पण पुरून उरलं. सर भरपूर जेवले. घरी जाताना ताट धुऊन, रुमालाने पुसून पिशवीत घातलं.

यंदा थंडी पडली आणि ग्रुपवर सरांचं उत्तर आलं. या वेळी चार अटी होत्या. ओसवालभाऊंचा फोन आला, "भाभी, काय धरू?"

"धरा."

सकाळी सगळ्या गाड्या निघायच्या आधी मी रस्ता ओलांडून सरांच्या फाटकाशी गेले. ओट्यावर कोणी नव्हतं, दार लोटलेलं होतं. पाटी नुकतीच पुसलेली दिसत होती. मी कडी वाजवली आणि मोठ्याने हाक मारली, "सर, कुत्रा आहे का?"

आतून लगेच पिशवीतल्या ताटावर पेला आपटल्याचा आवाज आला.