वसुधाबाईसाहेबांनी टीव्ही पारखिला त्याची हकीकत

श्री. ज्या राज्यात बोलावयास कोणी उरले नाही, तेथील देव्हाऱ्याच्या दिव्यास प्रथम नमन करून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी दोन खोल्यांच्या राज्यात जुना टीव्ही कैलासवासी जाहला. राज्य वसुधाबाईसाहेबांचे. त्यांचे यजमान मुरलीधरराव हयातभर गावोगावच्या लग्नांचे व्हिडिओ काढीत हिंडले, आणि कॅमेरा सदैव त्यांच्याच खांद्यावर, म्हणोन कोणत्याही कॅसेटीत स्वतः दिसले नाहीत. आवाज तेवढा आत राहिला. ते निवर्तल्यावर बाईसाहेब दर सांजेस परक्यांच्या लग्नांच्या कॅसेटी लावून तो आवाज ऐकत आणि त्यावरच दिवस काढीत. ऐसियास टीव्ही गेला तैसा आवाजही गेला, आणि घर खावयास उठले.

मग बाईसाहेब व्हीसीआर पिशवीत घालोन रिक्षात स्वार जाहल्या आणि बाजारी दाखल जाहल्या. दुकानीचे कारभारी इक्बालखान यांनी भिंतीएवढा टीव्ही नजर केला, आणि बाईसाहेबांनी त्याचे मुख न पाहता थेट पाठ तपासिली. "भाऊ, या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना कुठं खुपसायच्या?" खान बोलिले, "मावशी, ह्याला तसली भोकंच नाहीत. तुमचा व्हीसीआर अजून चालतो?" "चालतो. रोज पुसते त्याला." खानांस दया आली, आणि त्यांनी कोपऱ्यातून धूळ खात पडलेला लहानसा टीव्ही काढविला, त्यास तिन्ही भोके शाबूत. इतक्यात परमुलुखी राहणारे युवराज कौस्तुभराव यांचा फोन आला. "आई, मोठाच घे. त्यावर व्हिडिओ कॉल होतो. भिंतीएवढा दिसेन तुला." "आणि बाबांच्या कॅसेटी?" "टाकून दे ना आता. परक्या लोकांची लग्नं ती."

बाईसाहेब थोर पेचात पडल्या. एकीकडे पोटच्या पोराचे मुख, एकीकडे गेल्या धन्याचा आवाज, आणि दोहोंची सोय एका यंत्रात नाही. मग हळूच विचारित्या जाहल्या, "रोज करशील फोन?" युवराज बोलिले, "जमेल तसा करीन गं." बाईसाहेबांस राग आला नाही, पोरगे खोटे तरी बोलले नाही. परंतु वाट पाहण्याची ताकद आता उरली नव्हती. त्यांनी आज्ञा केली, "भाऊ, तो लहान बांधून द्या."

सांजेस तारा जोडिल्या. कोण्या अनोळखी मांडवात नवरी मान खाली घालोन बसलेली, आणि कॅमेऱ्यामागून मुरलीधरराव बोलिले, "अहो, इकडं बघा जरा. हसा की थोडं." नवरी काही हसली नाही. इकडे बाईसाहेबांनी पदर सारखा केला आणि टीव्हीकडे पाहोन हसल्या.

एवंच, मोठा टीव्ही दुकानीच राहिला, लहान टीव्ही राज्यात कायम जाहला. पुढे युवराजांचा फोन आला तेव्हां बाईसाहेबांनी कॅसेटीचा आवाज बारीक केला, बंद केला नाही.