ज्याच्यावाचून घर अडतं

शाळेची घंटा व्हायच्या आतच फाटकापाशी सात बाप, अकरा आया आणि एका गालाला साबण फासलेला एक गृहस्थ अशी गर्दी जमली होती. चौथीच्या बाई कोपऱ्यावर दिसल्या आणि साबणवाला सगळ्यांना ढकलून पुढे धावला.

"बाई, तेवढा वस्तरा द्यायला लावा पोराला!"

"तुमचा वस्तरा?"

"वस्तरा न्हाव्याचा. दाढी माझी आहे!"

मागून न्हावी ओरडला, "माझं पोरगं घेऊन पळालंय, बाई. म्हणतं, बाईंनीच सांगितलंय. इथं एकेकाला विचारा, घरोघरी हीच बोंब!"

सांगितलं होतं बाईंनीच. नाही कसं म्हणणार?

त्याचं असं झालं. पुस्तकात अकरावा धडा होता, 'युद्धकाळातली मुले'. जेमतेम दोन पानं, आणि मधोमध एक चित्र. हातात बोचकी घेऊन मुलं रांगेत उभी, आणि रांग कुठे चाललीये ते चित्राच्या कडेपलीकडे. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तो धडा गाळायला सांगितला होता.

"चिमण्या जीवांना कशाला हे, बाई? सोमवारी तपासणीचे साहेब येतायत. फुलपाखरांची कविता घ्या. हसरी पोरं दिसू देत."

"सर, चित्रातली पोरंही चिमणीच आहेत. त्यांना कुणी विचारलं होतं, बॉम्ब घेता की फुलपाखरू?"

"शब्दाला शब्द नको. एक तक्रार आली ना, एकच, तर चौथी काढून घेईन तुमच्याकडून. मग बसा पुस्तकखोलीत, फाटक्या पानांना डिंक लावत."

हे बोलणं बाईंना वर्मी लागलं. ही चौथी काही कालपरवाची नव्हती. पहिलीत या चौतीस जणांची नाकं त्यांनी पुसली होती, दुसरीत पडलेले दात चिमटीत धरून घरी पाठवले होते, तिसरीत पाढ्यांच्या चढावर एकेकाला मागून ढकललं होतं. आपल्या हातानं लावलेली वेल दुसऱ्याच्या मांडवावर सोडायची? पण वेलीला वाराच लागू द्यायचा नाही, तर मांडव तरी कशाला? डिंक तर डिंक, असं मनाशी म्हणत बाईंनी शनिवारी धडा घेतलाच. नुसता घेतला नाही, गृहपाठही दिला.

"समजा, दहा मिनिटांत घर सोडायचंय. एकच गोष्ट बरोबर न्यायची. सोमवारी ती पिशवीत घालून आणा."

लगेच शंकाचा हात वर. ही मोठ्या सरांची नात. खरं नाव हजेरीपटापुरतं, बाकी सगळ्या शाळेला ती शंकाच. "बाई, खेळणं चालेल?"

"खेळणं नको. ज्याच्यावाचून घर अडतं, असं काहीतरी."

"आणि कुणी मागितलं तर?"

"द्यायचं नाही. युद्धातली मुलं आपलं गाठोडं कुणाच्या हाती देत नसत."

बाईंना वाटलं होतं, कुणी पाण्याची बाटली आणेल, कुणी चादर, कुणी आईबाबांचा फोटो. मुलांनी मात्र रविवारभर घरात पाळत ठेवून, घर नेमकं कशावाचून अडतं याचा शोध लावला. शोध अचूक निघाला. म्हणून तर सोमवारी सकाळी अख्खी वस्ती अडली होती.

बाई वर्गात आल्या तेव्हा तेहतीस पिशव्या तेहतीस मांड्यांवर घट्ट बसल्या होत्या. त्यांनी एकेक उघडून पाहिली. शिंप्याच्या मुलीनं गॅसचा रेग्युलेटर आणला होता. तिच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या बेकरीवाल्याच्या मुलानंही रेग्युलेटरच आणला होता, हुबेहूब जुळा. कुणाच्या पिशवीत पाण्याच्या मोटारीची चावी होती आणि तिच्यापायी चार मजले कोरडे पडले होते. कुणाकडे आजोबांची कवळी होती, तीही पेल्यासकट. एका मुलीच्या पिशवीतून टीव्हीचा रिमोट निघाला.

"याच्यावाचून घर अडतं होय गं?"

"हो बाई. रिमोट सापडला नाही की आईबाबा एकमेकांशी बोलायला लागतात. मग सगळंच अडतं."

शेवटच्या बाकापाशी वकील उभा होता. वय वर्षं नऊ, पण हरलेला वाद त्याला माहीतच नव्हता. त्याच्या शेजारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची आजी एक पाय पिशवीत घालून उभी होती.

"हे काय रे?"

"आजी."

"अरे, मी वस्तू सांगितली होती!"

"तुम्ही 'असं काहीतरी' म्हणालात. परवा आजी तासभर दवाखान्यात गेली, तर बाबांना साखर सापडेना, आईला बाळ झोपवता येईना आणि मला दोन वेगळे मोजे घालून यावं लागलं. आता सांगा, काय आणणार?"

आजी हसली. "मी आले नाही हो बाई, मला आणलंय. पिशवीत पाय तेवढा मीच घातला. म्हटलं, पोराचा गृहपाठ अर्धवट राहायला नको."

एवढ्यात आयाबापांचा लोंढा वर्गात घुसला. हाका सुरू झाल्या, मग धमक्या, मग लाडीगोडी. बेकरीवाला लेकाच्या पुढ्यात उकिडवा बसून म्हणाला, "राजा, दे ना. घरी चहासुद्धा झाला नाही रे."

राजानं पिशवी छातीशी धरली. "बाबा, युद्धात चहा नसतो."

आणि त्याच क्षणी दारात मोठे सर उभे राहिले. त्यांच्या मागे तपासणीचे साहेब. सरांनी वर्गावरून नजर फिरवली. साबण बघितला, कवळी बघितली, पिशवीतली आजी बघितली.

"एक तक्रार म्हणालो होतो मी, बाई. इथं तर तक्रारींचा बाजार भरलाय!" त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. हुकूम आधीच लिहून तयार होता. "चौथी आजपासून तुमच्याकडे नाही. साहेबांसमोरच सही-शिक्का करतो."

सही झाली. शिक्क्यासाठी सरांनी उजवा खिसा चाचपला, मग डावा, मग वरचा, मग पुन्हा उजवा. कुणावर विश्वास नाही म्हणून शाळेचा शिक्का ते रोज घरी नेत आणि उशाखाली ठेवून झोपत. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. शंकाला तर होतीच.

"आजोबा, शिक्का माझ्याकडे आहे."

"आण इकडे."

"नाही."

"मी मुख्याध्यापक म्हणून सांगतोय!"

"आणि मी घर सोडून आलेली मुलगी म्हणून सांगतेय. गाठोडं द्यायचं नसतं."

साहेबांना अचानक खोकला आला. बराच वेळ टिकला. सर लालेलाल होऊन बाईंकडे वळले. "शिक्का मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तुम्ही लिहून द्या, की चूक झाली."

बाईंनी खडू खाली ठेवला.

"चूक झाली असं लिहिणार नाही, सर. लिहायचंच तर एवढंच लिहीन, अकरावा धडा शिकवला, आणि मुलांना समजला. मग काढा माझ्याकडून चौथी."

आजीनं पिशवीतला पाय बाहेर काढला.

"मी सांगू का जरा? मी यांच्याएवढी होते. आम्हाला खरंच दहा मिनिटं दिली होती. आई म्हणाली, जे सापडेल ते उचला. भावानं भांडं उचललं, मी झाकण. गर्दी अशी, की तो एका ट्रकमध्ये चढला आणि मी दुसऱ्या." आजी ते अंगाई म्हणावी तसं सांगत होती. "ट्रकमध्ये एक म्हातारी होती, तिनं माझ्यासाठी गाणं रचलं.

*झाकण माझ्यापाशी, भांडं माझ्या भावापाशी,*
*एका चुलीची दोघं, दोन दिशांना उपाशी.*"

"मग?" साहेबांनी विचारलं. ते केव्हा पहिल्या बाकावर बसले, त्यांनाही कळलं नव्हतं.

"मग काय, अकरा वर्षांनी भाऊ शोधत आला. काखेत भांडं. मी धावत झाकण आणलं आणि लावून बघितलं, तर बसेना! मेल्यानं आमचं भांडं कधीच हरवलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून दुसरंच विकत घेऊन आला होता. म्हटलं, राहू दे. तू तर तोच आहेस ना?"

न्हाव्याच्या गिऱ्हाइकानं डोळे पुसले आणि साबण डोळ्यांत गेला.

बाई मुलांकडे वळल्या. "युद्ध संपलं. ज्याचं त्याला देऊन टाका."

पिशव्या मोकळ्या झाल्या. वस्तरा गेला, चावी गेली, कवळी पेल्यासकट घरी निघाली. शंकानंही शिक्का आजोबांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. सरांनी शिक्क्याला शाई लावली. हात हुकुमावर गेला.

तेवढ्यात फाटकापाशी आरडाओरडा झाला.

"हा रेग्युलेटर माझा आहे! याचं बटण सैल आहे!"

"डोकं सैल आहे तुझं! शेजारी म्हणून गप्प बसतो, तर..."

शिंपी आणि बेकरीवाला. दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या, आणि बघता बघता फाटकापाशी दोन तट पडले. मोठे सर शिक्का उगारून धावत गेले. "गप्प बसा! मी सांगतोय, गप्प बसा!" पण त्यांच्याकडे कुणी बघेना.

इकडे वर्गात काही न सांगता चौतीस मुलं उठली. रिकाम्या पिशव्या खांद्याला लावून, बुटक्यांना पुढे घालून, ती दारापाशी रांगेत उभी राहिली. वकिलानं आजीचा हात धरला.

शंकानं विचारलं, "बाई, निघायचं?"

बाईंनी त्या रांगेकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"पिशव्या खाली ठेवा. या वेळी आपण कुठेही जायचं नाही. या वेळी त्यांना घेऊन या."

पाचच मिनिटांत शिंपी आणि बेकरीवाला चौथीच्या पहिल्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. समोर दोघांची मुलं कमरेवर हात ठेवून उभी.

"कुणी सुरू केलं?" शिंप्याच्या मुलीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"हात मांडीवर. तोंडावर बोट."

हात मांडीवर गेले. बोटंही तोंडावर गेली.

साहेब डायरीत काहीतरी लिहीत होते आणि पुन्हा खोकत होते. मोठे सर घामाघूम होऊन दारात उभे होते. हातातल्या हुकुमाकडे त्यांनी एकदा पाहिलं, एकदा बाकाकडे पाहिलं. मग कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर दोन नावं लिहिली, आणि बाईंकडे न बघताच विचारलं,

"बाई, यांना तुमच्या चौथीत घालू का?"

"चौथीत कसे, सर?" बाई म्हणाल्या. "यांची सुरुवात पहिलीपासूनच करावी लागेल."