गरम इंजिनाची दहा मिनिटं

एकनाथरावांची स्कूटर तापली की रुसते. त्या दुपारीही माणिकपूरच्या नाक्यावर, बरोबर स्टीवनच्या गॅरेजसमोर, ती बंद पडली आणि त्यांनी तिला एकतीस किक मारल्या. बत्तिसावीसाठी पाय उचलला, तोच लेकीचा, अक्षदाचा, फोन आला.

अक्षदा वैमानिक होत होती, आणि हे ठाऊक नसलेला माणूस माणिकपुरात शोधून सापडला नसता. आज ती एकटीच विमान घेऊन निघाली होती.

"बाबा, घाटावरच्या धावपट्टीवर उतरलेय. परत निघायचं तर इंजिन चालू होत नाहीये. गरम आहे."

"अगं बाई! मग?"

"चारच्या आत परत पोचायचंय. मागच्यासारखी बॅटरी संपवली तर सर एकटीला उडू देणार नाहीत."

मदतीला माणसं हवीत म्हणून एकनाथरावांनी फोन स्पीकरवर टाकला, आणि तिथेच घोटाळा झाला.

"चोक दे, चोक!" स्टीवन हातातला पाना नाचवत ओरडला. "पेट्रोल कमी पडतंय तिला!"

"नाही स्टीवनदादा, पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालीय. वर आणखी ओतलं तर गुदमरेल."

"पानी मार म्हनावं इंजिनावर," रिक्षावाला काशीराम म्हणाला. "नायतर चार मानसं लाव धक्क्याला."

"हं," अक्षदा म्हणाली.

आपण बाप असून मागे राहतोय, हे एकनाथरावांना सहन होईना. "पुढचा पंखा हाताने फिरवून बघ गं जरा!"

"बाबा! त्याला हात लावायचा नसतो. हात जाईल!"

मग चोक विरुद्ध पाणी अशी जुंपली. स्टीवनने काशीरामच्या रिक्षाचा उद्धार केला, काशीरामने स्टीवनच्या गिऱ्हाइकांचा. एकनाथराव दोघांच्या मध्ये फोन धरून घामाघूम. अक्षदा आपली "हं, हं" करत होती.

"चला, झाली दहा मिनिटं," ती एकदम म्हणाली.

"कसली दहा मिनिटं?"

"गरम इंजिनाला थोडा वेळ हातच लावायचा नाही, बाबा. एकटी बसले असते तर लावलाच असता. मागच्या वेळी तेच केलं. म्हणून तुम्हाला फोन लावला."

"प्रोपेलर क्लिअर!" पंख्यापासून लांब व्हा, अशी फोनमधून आरोळी आली. माणिकपुरात काशीराम दोन पावलं मागे सरला. घरघर झाली, इंजिनाने एक उचकी दिली आणि ते धडधडू लागलं. फोन कट झाला.

"पानी मारलंच असनार पोरीने," काशीराम म्हणाला.

एकनाथरावांनी भारावून सहज एक किक मारली. स्कूटर चालू!

जीव मात्र टांगणीलाच होता. चारला पाच कमी असताना, घरी जाताना गिरीजच्या केळीच्या वाड्यांशी, खिशात फोन वाजला. त्यांनी स्कूटर बंद करून वाचलं: 'पोचले. सर खूश.' एकनाथरावांनी भर रस्त्यात डोळे पुसले आणि किक मारली. स्कूटर ढिम्म.

दुसरीसाठी उचललेला पाय त्यांनी खाली ठेवला आणि घरी फोन लावला.

"पडलात काय कुठं?" जयवंतीबाई किंचाळल्या. सव्वीस वर्षांत नवऱ्याने कामाशिवाय फोन केला नव्हता.

"नाही गं. पोर पोचली. आता सहजच... बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. दहा मिनिटं."

मग जयवंतीबाईंनी हळूहळू लग्नापासून सुरुवात केली.

स्कूटर कधीच गार झाली होती. एकनाथराव बांधावर टेकून "हं, हं" म्हणत होते, आणि जयवंतीबाई अजून पहिल्या दिवाळसणालाच पोचल्या होत्या.